मोठ्या माणसांचा जुनाट इसब: खाजेची ट्यूब पुरेशी का नाही?

पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावात अंगाला खाज सुटली, की अनेक जण आधी मेडिकल गाठतात. 'खाजेची ट्यूब द्या' म्हटलं की ट्यूब मिळते आणि दोन-तीन दिवसांत आराम पडतो. ट्यूब संपली की काही दिवसांत खाज परत येते, कधी आधीपेक्षाही जास्त. अशा वारंवार येणाऱ्या खाजेमागे अनेकदा 'अ‍ॅटोपिक' प्रकारचा इसब असतो. हा आजार मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही. पण झोप आणि काम बिघडणार नाही इतपत तो आटोक्यात नक्की ठेवता येतो.

अ‍ॅटोपिक इसब म्हणजे काय?

इसब म्हणजेच एक्झिमा. निरोगी त्वचा आतला ओलावा धरून ठेवते आणि बाहेरची धूळ, जंतू आत येऊ देत नाही. अ‍ॅटोपिक इसबात हे आवरण कमकुवत असतं. त्वचा कोरडी पडते, रोगप्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त भडकते आणि खाज सुटते. खाजवल्याने आवरण आणखी फाटतं आणि खाज वाढते.

याचा काही भाग आनुवंशिक असतो. त्वचेचं आवरण घट्ट ठेवणाऱ्या 'फिलाग्रिन' या प्रथिनाच्या जनुकातला दोष इसबाशी जोडलेला असल्याचं २००६ मध्ये स्पष्ट झालं. घरात दमा किंवा सतत शिंका येण्याची अ‍ॅलर्जी असेल, तर इसबाची शक्यता वाढते. हा आजार संसर्गजन्य नाही. एकत्र जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने तो पसरत नाही.

अनेकांना तो लहानपणापासून असतो, काहींना मोठेपणी सुरू होतो. मोठ्यांमध्ये कोपराची आणि गुडघ्याची लवण, मान, पापण्या आणि हात या जागा जास्त दिसतात. जुन्या जागेची कातडी जाड आणि काळपट होते.

इसब, नायटा की खरूज?

खाज तिन्हींत येते, पण उपचार वेगळे आहेत.

- नायटा (गजकर्ण): बुरशीमुळे होतो. गोल चट्टा, कडा उठावदार, मधला भाग त्या मानाने स्वच्छ. जांघेत आणि कमरेला जास्त.
- खरूज: सूक्ष्म किड्यामुळे होते. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात पुरळ येतं आणि घरात इतरांनाही खाज असते.
- इसब: कोरडी त्वचा, वर्षानुवर्षं त्याच त्या जागा, कमी-जास्त होत राहणारा त्रास.

नायट्यावर स्टिरॉइडचं मलम लावलं तर लाली आणि खाज दबते, पण बुरशी पसरत राहते. चट्ट्याचं रूपही बदलतं, मग डॉक्टरांनाही ओळखणं अवघड जातं.

गाजरगवताचा संशय कधी घ्यायचा?

खानदेशात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गाजरगवताची भारतातली नोंद १९५६ मध्ये पुण्यातून झाली आणि आज ते बांधावर, पडीक जागेत, रेल्वे रुळांच्या कडेला सगळीकडे दिसतं. त्याचे वाळलेले कण हवेतून अंगावर बसतात आणि काहींना त्यांची अ‍ॅलर्जी होते.

हा त्रासही पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीतच दिसतो. त्यामुळे तो अ‍ॅटोपिक इसबासारखा वाटतो. शेतात काम करणाऱ्या व्यक्तीला चाळिशी-पन्नाशीत पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला आणि शेतात गेल्यावर तो वाढत असेल, तर 'पॅच टेस्ट' करून घ्यावी. यात संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून दोन दिवस ठेवतात आणि नंतर त्वचेवरची प्रतिक्रिया तपासतात. अ‍ॅलर्जी निघाली तर पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्या-मानेला रुमाल आणि घरी आल्यावर लगेच अंघोळ हा उपचाराचाच भाग होतो.

रोजची काळजी

उपचाराचा पाया त्वचेतला ओलावा टिकवणं हा आहे.

- अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत. थंडीतही कढत पाणी टाळावं.
- अंग घासण्यासाठी दगड किंवा घासणी नको. साबण सौम्य आणि फक्त गरजेच्या जागी. बोअरचं पाणी जड असेल तर साबण नीट निघत नाही, म्हणून तो कमीच वापरावा.
- अंग टिपून ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावं, दिवसातून किमान दोनदा.
- बिनवासाचं साधं क्रीम, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल चालतं. मोहरीचं तेल टाळावं.
- सगळं अंग कोरडं असेल तर मोठ्या माणसाला आठवड्याला पाव ते अर्धा किलो मॉइश्चरायझर लागू शकतं. छोटी बाटली महिनाभर पुरवली, तर ते कमी पडतंय असं समजावं.

उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे गेला की घामाने खाज वाढते. त्या दिवसांत घाम धुऊन टाकावा, सैल सुती कपडे घालावेत आणि चिकट जेलीऐवजी हलकं क्रीम वापरावं.

स्टिरॉइड मलम: भीती आणि गैरवापर

चट्टा लाल होऊन भडकला की स्टिरॉइड मलम हेच पहिलं औषध आहे. योग्य ताकदीचं, योग्य जागी, ठरलेल्या दिवसांसाठी लावलं तर ते सुरक्षित असतं. भीतीपोटी फार कमी लावल्यानेही आजार रेंगाळतो.

मापासाठी सोपी खूण आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

खरा धोका आहे तो स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या ट्यूबचा, विशेषतः चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने लावल्यास. 'क्लोबेटासोल'सारखं तीव्र स्टिरॉइड चेहऱ्यावर किंवा जांघेत असं वापरलं तर कातडी पातळ होते, जांघेत कायमचे पट्टे उमटतात, चेहरा लाल राहतो. म्हणूनच केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड त्वचा-औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशा यादीत टाकली.

पापण्या आणि चेहऱ्यासाठी स्टिरॉइड नसलेलं 'टॅक्रोलिमस' मलम मिळतं. सुरुवातीचे काही दिवस ते चुरचुरतं, नंतर सवय होते. चट्टा बसल्यावरही नेहमीच्या जागी आठवड्यातून दोनदा औषध लावत राहायला डॉक्टर सांगू शकतात. त्यामुळे आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण कमी होतं.

मलमाने भागलं नाही तर?

पुढची पायरी अतिनील किरणांचा उपचार (फोटोथेरपी) किंवा मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन, सायक्लोस्पोरिन यांसारखी औषधं. त्यांच्यासोबत रक्ततपासण्या कराव्याच लागतात. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं 'ड्युपिलुमॅब' हे इंजेक्शन परिणामकारक आहे, पण महाग आहे. 'जॅक इनहिबिटर' गटातल्या गोळ्या लवकर गुण देतात, पण संसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असल्याने आधी क्षयरोगासह इतर तपासण्या करतात.

दर वेळी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणं हा मात्र दीर्घकाळाचा उपाय नाही. परिणाम ओसरला की आजार उसळतो. साखर, रक्तदाब आणि हाडांवरही त्याचा परिणाम होतो.

वांगी बंद करावीत का?

खाज म्हटली की वांगं, आंबट, शेंगदाणे बंद करण्याचा सल्ला मिळतो. मोठ्यांच्या इसबात सरसकट पथ्याचा उपयोग दिसत नाही. ठरावीक पदार्थाने प्रत्येक वेळी त्रास होत असेल तरच तो टाळावा. एरवी भरीत सोडायचं कारण नाही.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी?

- चट्ट्यातून पाणी किंवा पू येणं, पिवळी खपली धरणं
- तापासोबत एकसारखे, दुखरे, पाण्याचे बारीक फोड येणं. हा नागिणीच्या गटातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी उपचार हवेत
- बहुतेक सगळं अंग लाल होऊन थंडी वाजणं
- डोळा दुखणं किंवा धूसर दिसणं

जळगाव आणि धुळे इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग तज्ज्ञांकडून तपासून घेता येतं. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. आधी काय लावलं हे कळलं, की चट्टा मुळात कशाचा होता हे ओळखणं सोपं जातं.