गावकूस शहरातही असतं: डेट्रॉइटचा धडा

गावकूस ही खेड्यातली गोष्ट, शहरात जात आणि वंश विरघळून जातात, असं आजही अनेक शिकलेली माणसं सांगतात. त्यांनी अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा इतिहास वाचावा.

१९३४ साली अमेरिकन सरकारने घरकर्जांना हमी देणारी यंत्रणा उभी केली. कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणजे धोका, तिथल्या कर्जाला हमी नाही, हे तिचं धोरण. १९४१ मध्ये डेट्रॉइटच्या उत्तर टोकाला, एट माइल रोडजवळ, एका बिल्डरला गोऱ्यांसाठी वसाहत बांधायची होती. शेजारी कृष्णवर्णीय राहतात म्हणून हमी मिळेना. त्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत घातली आणि हमी मिळाली! ती भिंत आजही उभी आहे. सरकारी हमीवर गोऱ्यांची घरं झाली, घरांच्या किमती वाढल्या, तीच पुढच्या पिढीची पुंजी झाली. भिंतीपलीकडची गरिबी आळसातून आलेली नाही, ती सरकारी धोरणातून आली.

१९४८ साली अमेरिकन सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कृष्णवर्णीयांना घर न विकण्याचे खाजगी करार कोर्टांना अंमलात आणता येणार नाहीत. मग नगरपालिकेची हद्द कामाला आली. डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमध्ये फोर्डचा अवाढव्य रूज कारखाना. तिथे हजारो कृष्णवर्णीय कामगार राबत, पण त्या गावात त्यांना घर मिळत नसे. १९४२ ते १९७८ महापौर असलेले ऑर्व्हिल हबर्ड हे धोरण उघडपणे मिरवत. कामाला या, मुक्कामाला नको! महारवाड्याच्या लेकरांना ही रीत समजावून सांगायला नको.

प्रत्येक उपनगराची नगरपालिका वेगळी, शाळा वेगळ्या, कर वेगळा. गोरी कुटुंबं आणि कारखाने हद्दीपलीकडे गेले, त्यांच्याबरोबर करही गेला. १९५० साली डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांच्या आसपास होती, २०१० साली ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. १९७३ मध्ये कोलमन यंग हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. सत्ता हाती आली, पण तिजोरीत भर घालणारे हद्दीबाहेर गेले होते. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

सर्वात मोठा घाव शाळांवर बसला. डेट्रॉइटच्या शाळांत बहुसंख्य मुलं कृष्णवर्णीय, उपनगरांत जवळपास सगळी गोरी. १९७२ मध्ये खालच्या कोर्टाचे न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनी डेट्रॉइटबरोबर ५३ उपनगरी शाळा-जिल्ह्यांना एकत्रित योजनेत घेतलं. २५ जुलै १९७४ रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते रद्द केलं. उपनगरांनी भेदभाव केल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून हद्द ओलांडता येणार नाही, हा युक्तिवाद! १९५४ चा शाळा-विलगीकरणाविरुद्धचा खटला वकील म्हणून जिंकणारे थर्गुड मार्शल आता त्याच कोर्टात न्यायमूर्ती होते. त्यांनी कडाडून विरोध नोंदवला: यातून एकाच महानगराची दोन शहरं होतील, एक गोरं आणि एक काळं. झालंही तसंच.

‘स्थानिक स्वायत्तता’ हा शब्द ऐकायला गोड. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवगाथेवर घणाघात केला, तो याच संकुचित स्थानिकतेवर. ज्यांच्या हाती हद्द, त्यांचीच स्वायत्तता.

आपल्याकडे काय चाललंय? ज्या १९४८ च्या निकालाने अमेरिकन कोर्टांनी वांशिक करारांतून हात काढून घेतला, त्यानंतर ५७ वर्षांनी, २००५ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण सोसायटीचा फक्त पारशांनाच सदस्यत्व देण्याचा नियम वैध ठरवला. तिथे एक छोटा अल्पसंख्य समाज होता. पण याच दरवाजातून उच्चजातीय सोसायट्या आत शिरल्या तर त्यांना कोण अडवणार?

म्हणून मित्रांनो, अपमानाविरुद्ध मोर्चा काढूच, पण नकाशाही वाचायला शिका. वॉर्डाची रेषा कुठून जाते, आपल्या वस्तीचा घाम कुठल्या हद्दीत कर म्हणून जमा होतो, पाणी आणि शाळा कुठे थांबतात, सोसायटीच्या नियमावलीत काय लिहिलंय, हे विचारा. शिवी देणारा माणूस ओळखू येतो. रेषा मात्र शिवी न देताच माणसाला बाहेर ठेवते.

जय भीम!