राजनांदगावच्या गाडीत तुमची जागा धरून ठेवली आहे

भिलाई पॉवर हाउस स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. मोबाइल खिशात टाका, पिशवी नीट धरा आणि समोरच्या रुळांकडे बघा. देशभर धावणाऱ्या गाड्यांखालचे बहुतेक रूळ याच गावच्या पोलाद कारखान्यातून निघतात. आता एकेक गोष्ट पुसली जाऊ द्या. आधी पादचारी पूल गेला. मग रिक्षांचे हॉर्न थांबले, सेक्टरांतली क्वार्टर्स नाहीशी झाली आणि शेवटी धुराडीही उरली नाहीत. चहूकडे भाताची खाचरं, कडेला मोहाची झाडं, तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि मधून गेलेली बंगाल-नागपूर रेल्वेची लाइन. साल १८९३. भिलाई हे छत्तीसगडातलं एक लहानसं खेडं आहे. आपल्याला ज्याच्यासोबत जायचं आहे तो प्रवासी इथून चाळीसेक किलोमीटर अलीकडे, राजनांदगावला उतरणार आहे. चला, त्याच्याबरोबर नागपूरपासूनच बसू.

नागपूरचा फलाट म्हणजे नुसती रेटारेटी. कोपरं आवरा. डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल तुम्हाला ढकलून पुढे जातो. वळकट्या, फिरकीचे तांबे, फडक्यात बांधलेल्या दशम्या, रडणारी पोरं, कुणाचा तरी हरवलेला काका. पाणीपांडे ओरडत फिरतोय आणि खिडक्याखिडक्यांतून ओंजळी पुढे येताहेत. घाम, तंबाखू, संत्र्याची सालं आणि कोळशाचा धूर यांचा मिळून एक वास तयार झाला आहे, तो संध्याकाळपर्यंत तुमच्या कपड्यांतून जायचा नाही. शिट्टी झाली. चढा लवकर!

डब्यातलं लाकूड तापलेलं आहे. बाकावर टेकलात की पाठीला चटका बसतो. खिडकी लावावी तर जीव गुदमरतो, उघडावी तर इंजिनाकडून कोळशाची बारीक कुसळं थेट डोळ्यात. डोळा चोळू नका, आणखी सलेल. तांब्यातल्या पाण्यानं धुवा आणि मग समोर बघा.

समोर बसला आहे तिशी नुकतीच ओलांडलेला एक ब्राह्मण. डोळे विलक्षण जिवंत, बोलताना हात सतत हलताहेत. हे नारायण वामन टिळक. कवी, संस्कृतचे पंडित, कीर्तनात रमणारे, आणि देशाचं भलं करील असा एखादा नवाच धर्म शोधला पाहिजे या विचारानं झपाटलेले. नोकरीसाठी राजनांदगाव संस्थानात निघालेत. त्यांच्याशेजारी एक गोरा साहेब आहे. त्या काळात साहेबानं नेटिवाला आपणहून जागा करून देणं हीच नवलाची गोष्ट, आणि हा साहेब तर भवभूतीवर बोलतोय! फ्री मेथडिस्ट मिशनचे हे अर्नेस्ट वॉर्ड, पण नाव टिळकांना अजून माहीत नाही. चाकांच्या खडखडाटात तुम्हाला अर्धंच ऐकू येतं. उत्तररामचरितावरून बोलणं कधी ख्रिस्तावर आलं ते कळतही नाही.

कामठी गेली, भंडारा रोड गेलं. गोंदियाला पुन्हा तोच कल्लोळ. तुमच्या मांडीवर कुणीतरी बिनदिक्कत गाठोडं ठेवलं, आणि तुम्हीही काही बोलला नाहीत. गाडी दरेकशाच्या डोंगरांत शिरली तशी खिडकीतून पहिल्यांदा गार वारा आला. ओल्या पाल्याचा वास, साग, बांबूची बेटं. डोंगरगड आलं, टेकडीवरच्या बमलेश्वरीला डब्यातल्या अर्ध्या लोकांनी बसल्या जागेवरून हात जोडले. उतरायची वेळ जवळ आली. साहेबानं एक छोटं पुस्तक पुढे केलं. नवा करार. हे वाचलंत तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं तो शांतपणे सांगतो. टिळकांच्या कपाळावरची आठी तुम्हाला दिसते. पुस्तकाचं रूपसुद्धा त्यांना आवडलेलं नाही. पण वाचीन असा शब्द दिला आणि पुस्तक घेतलं.

राजनांदगाव. वैरागी राजाचं संस्थान. स्टेशनबाहेर बैलगाड्यांची रांग, शेणाचा आणि भिजवलेल्या कडब्याचा वास. राणीसागराच्या पाण्यावरून येणारा वारा घामेजल्या मानेला लागतो. गावात कापडगिरणी उभी राहतेय, तिथला ठोकठोक आवाज संध्याकाळपर्यंत थांबत नाही. बाजारात छत्तीसगडी, हिंदी, मराठी सगळ्या बोली एकमेकींत मिसळल्या आहेत. भाताचा पेंढा अंगावर घेऊन माणसं घरी निघालीत. चुली पेटल्या, गावावर धुराचा एक पातळ थर पसरला. तुम्हाला भूक लागली असेल, पण जेवण उरका लवकर. रात्री खरं काम आहे.

दिव्यापाशी बसा, टिळकांच्या जरा मागे. तेलाचा वास नाकात बसतो. उकाडा आहे, डास आहेत, बाहेर बेडूक आणि कुत्री आहेत. टिळकांच्या हातात पेन्सिल आहे. महत्त्वाच्या जागी खुणा करत वाचायची त्यांची सवय. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली आहे. वंशावळ गेली, बाप्तिस्म्याचा प्रसंग गेला. पेन्सिल झरझर चालते आहे. आतापर्यंत हा माणूस परीक्षकाच्या खुर्चीत आहे, आणि तुम्हीही.

मग पाचवा अध्याय येतो. डोंगरावरचं प्रवचन. पेन्सिलीचा वेग कमी होतो. एकेका वाक्याशी ती रेंगाळते, आणि मग थांबते. पान उलटायला गेलेला हात परत मागे येतो, तीच ओळ पुन्हा. पाच ते सात या तीन अध्यायांपासून स्वतःला सोडवून घेता आलं नाही, असं टिळकांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं. तत्त्वज्ञानाच्या ज्या गाठी वर्षानुवर्षं सुटत नव्हत्या त्यांची उत्तरं त्यांना इथे मिळाली. पण तुम्ही आत्ता त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. ओठ हलताहेत. ते वाचताहेत की कुणाशी बोलताहेत, हे तुम्हाला सांगता येत नाही. वैऱ्यावर प्रेम करायला सांगणारी ओळ समोर आली की वाचणाऱ्याला आपला वैरी आठवतोच, त्याचा चेहरा, त्याचा आवाज सगळं आठवतं. मग माणूस पुस्तकावर मत देत बसत नाही. तो म्हणतो, हे मला जमत नाही, तूच बळ दे. तिथे वाचन संपून प्रार्थना सुरू झालेली असते, आणि मधला सांधा कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता मला घट्ट धरा, एक लांब उडी मारायची आहे. अंगावर घोंगडी घ्या. बारावं शतक, आल्प्सच्या डोंगरांतला ग्रांद शार्त्रझचा मठ. हाडं गोठवणारी थंडी. लाकडी खोलीत मेणबत्तीचा धूर आणि ओल्या लोकरीचा वास. एकटा बसलेला संन्यासी पुटपुटत वाचतोय, कारण इथे वाचन ओठांनी होतं आणि कानांनी ऐकलं जातं. हे मठाधिपती ग्विगो. त्यांनी आपल्या बंधूंसाठी चार पायऱ्यांची शिडी लिहून ठेवली: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवासमोर नुसतं असणं. आजही जगभरचे ख्रिस्ती लोक 'लेक्सिओ दिविना' म्हणतात ते हेच. शिडी समजावताना ग्विगो एकच वचन घेतात, शुद्ध मनाच्या माणसांविषयीचं. ते द्राक्षासारखं तोंडात ठेवून दातांनी फोडतात, रस निघेपर्यंत चघळतात. आणि हे वचन कुठलं? त्याच पाचव्या अध्यायातलं, ज्याच्यापाशी राजनांदगावात पेन्सिल थांबली! टिळकांना शिडी कुणी दाखवली नव्हती. तरी ते त्याच पायऱ्या चढले.

परत या आपल्या उकाड्यात. टिळकांना हे इतकं सहज का जमलं, ते समजून घ्यायचं तर त्यांच्या कानात काय साठलं आहे ते ऐका. ओवी तालात म्हणत चालणारी पारायणं. एकाच अभंगाच्या एका चरणावर टाळ-मृदंगासह अर्धी रात्र घालवणारे कीर्तनकार. मराठी घरात पवित्र शब्द कधी घाईनं उरकला जात नव्हता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं टिळक पुढे सांगत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. साहेबानं सांगितलेली दोन वर्षांची मुदत जवळपास तंतोतंत खरी ठरली. त्याची किंमत मोठी होती. घर दुभंगलं, पत्नी लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षं एकमेकांपासून दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाईही त्याच वाटेनं आल्या आणि 'स्मृतिचित्रे' लिहून या सगळ्याच्या साक्षीदार झाल्या. आणि दिव्यापाशी पुटपुटलेल्या शब्दांतून काय उगवलं? भजनं आणि अभंग. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत टिळकांची गीतं आजही रविवारी गायली जातात, म्हणजे त्यांचं मनन आपण अजून मोठ्यानं म्हणतो आहोत.

परतीच्या वाटेवर भिलाईतच थोडं अलीकडच्या काळात उतरू. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली, त्यानंतरचे दिवस. रात्रीचं आकाश वितळलेल्या लोखंडानं तांबडं झालं आहे. हवेत गंधक, जिभेवर लोखंडाची चव. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटतो. केरळचे, आंध्राचे, छोटा नागपूरचे, विदर्भातले लोक एकाच रस्त्यावर. त्यांत ख्रिस्ती घरंही पुष्कळ, प्रत्येकाचं बायबल आपापल्या भाषेत. रात्रपाळीहून आलेला माणूस काजळीचे हात धुतो, चहाचा कप बाजूला ठेवतो आणि पुस्तक उघडतो. दमलेल्या माणसाला चार अध्याय पेलत नाहीत. एक वचन पेलतं.

उतरा, आपलं स्टेशन आलं. ओव्हरब्रिज जागेवर आहे, मोबाइल खिशात थरथरतोय. त्यात कदाचित वर्षभरात बायबल संपवायचं वेळापत्रकही असेल. एकूण १,१८९ अध्याय, म्हणजे रोज तीनपेक्षा थोडे जास्त. संपूर्ण ग्रंथाची ओळख हवीच, म्हणून ते वाचन जरूर करा. पण शब्द मनात मुरायला वेगळा वेळ लागतो, आणि तो काढावा लागतो. उद्या सकाळी पंधरा मिनिटं ठेवा. मत्तयाचा पाचवा अध्याय उघडा आणि ओठ हलवत वाचा, घरच्यांनी ऐकलं तरी चालेल. ज्या वचनाशी अडखळाल तिथेच थांबा. ते पुन्हा म्हणा. त्यानं तुमच्या घरातल्या, कचेरीतल्या, पाळीवरच्या कुणाचा चेहरा समोर आणला, तर त्या माणसाचं नाव घेऊन देवाशी बोला. राग असेल तर राग सांगा, जमत नसेल तर जमत नाही म्हणा. बोलणं संपलं की थोडा वेळ काहीच न मागता बसा. परवाही तेच वचन पुन्हा घ्यावंसं वाटलं, तर निःसंकोच घ्या. वेळापत्रक मागे पडलं तरी चालेल, कारण ज्याच्याशी बोलायला बसलात त्याच्याशी बोलणं झालेलं असेल.