कडेची साक्ष

मुद्रित वस्तूची कड ओबडधोबड असली की ती सदोषच, असे आपण सहज गृहीत धरतो. कॅनडातील ओ-पी-ची कंपनीची १९७९ सालची हॉकीपटूंची कार्डे या समजाला छेद देतात. ती तारेने कापली जात. त्यामुळे कडा तंतुमय राहिल्या. प्रतवारी करणारे हा मूळचा खडबडीतपणा सहसा दोष धरीत नाहीत. पुढे कुणी कड कातरून सरळ केली, तर मात्र गुणांकच नाकारतात.

हाच विवेक आपल्याकडील चित्रांनाही लागू पडतो. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील शिलामुद्रित चित्रांच्या तळच्या समासात चित्राचे व छापखान्याचे नाव असे. घरोघरी तसबिरी करताना चौकटीच्या मापासाठी तो समास छाटला गेला. भक्तीचे त्यात काही उणावले नाही. इतिहासाचा मात्र पुरावा गेला. समास शाबूत असलेली प्रत संग्राहक म्हणूनच अधिक मोलाची मानतात.

मूळची खडबडीत कड निर्मितीची हकिगत सांगते. मागाहून गुळगुळीत केलेली कड ती पुसते. जुन्या ग्रंथांची फेरबांधणी करताना, समासातील टिपणांवर कातर चालण्यापूर्वी, आपण अभ्यासकांनी एवढे ध्यानी ठेवावे, असे आम्हांस वाटते.