कार्ल्याचे चैत्यगृह कोणी उभारले?

१/ एकवीरा आईच्या देवळाशेजारीच कार्ल्याचे भव्य बौद्ध चैत्यगृह आहे. इसवी सनाच्या १ल्या शतकाच्या सुमारास कोरलेले हे लेणे सुमारे ३७ मीटर लांब आहे. ते कोणत्या राजाने उभारले, असे आपण सहज विचारतो. उत्तर तेथील ब्राह्मी शिलालेखांतच आहे.

२/ वैजयंतीचा, म्हणजे आजच्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल सांगतो की, जंबुद्वीपातील हे सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्णत्वास नेले. प्रवेशद्वाराशी धेनुकाकट येथील सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आणि सुतार सामी यांची नावे आहेत. अनेक खांब यवनांनी दिलेले आहेत.

३/ पाषाणाच्या लेण्यात सुताराचे नाव आढळावे, यात नवल नाही. छताला बसवलेल्या प्राचीन लाकडी कमानी आजही जागेवर आहेत.

४/ नहपानाचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंना गाव दान दिल्याचा लेखही आहे. परंतु खांब आणि द्वारे व्यापारी, कारागीर व परदेशी उपासकांची आहेत. राजाश्रयाच्या इतिहासात ही माणसे हरवतात.

५/ आज लेण्यांच्या भिंतींवर स्वतःचे नाव खरवडणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे : त्या जुन्या प्रत्येक नावामागे दान होते.