तुपाखालचे जंतू

तामलवाडीच्या फाट्यावर उभे राहा आणि सोलापूरकडे तोंड करा. डांबर विसरा. पायाखाली फुफाटा आहे, गाडीवाटेच्या चाकोरीत पाय घोट्यापर्यंत रुततोय. १८९७ सालचा जानेवारी महिना. परतीचा पाऊस फसल्यामुळे शाळू उभ्या जागी वाळलाय आणि यंदा हुरड्याचं नाव कुणी काढत नाही. वाटेत भेटलेला गाडीवान तुम्हाला गाडीत घेतो खरा, पण मुंबईला निघालात म्हटल्यावर कासरा ओढून बैलंच थांबवतो. "मुंबईस्नं माणसं पळून यायलीत, आन् तुम्ही तिकडं निघालाव व्हय?"

सोलापूर स्टेशनात त्याचं म्हणणं डोळ्यांनी दिसतं. मुंबईहून आलेल्या गाडीतून माणसं नुसती ओतली जाताहेत. वळकट्या, पितळी हंडे, पाटा-वरवंटा, कडेवर पोर, पोराच्या हातात पोपटाचा पिंजरा. सगळा संसार पाठीवर आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. तुमची गाडी मात्र इतकी मोकळी, की बाकावर सरळ आडवं होता येतं. झोपून घ्या. पुढे झोप मिळणार नाही.

भायखळ्याला उतरताच पहिला मार नाकावर बसतो. कार्बॉलिकचा वास घशात उतरून जिभेवर बसतो, पाणी प्यायलं तरी जात नाही. त्याच्याखाली ओल्या चुन्याचा वास, गल्लीत जाळलेल्या गंधकाचा धूर आणि धुऊन काढलेल्या गटारांचा दर्प. चाळींच्या छपरांवरची कौलं जागोजागी काढलेली, कोंदट खोल्यांत ऊन पोचावं म्हणून. ट्रामचे घोडे रिकाम्या गाड्या ओढताहेत. कुठल्यातरी माडीवरून एक बाई रडते आणि मधेच थांबते. हातगाड्या तेवढ्या भरधाव, सगळ्या स्टेशनाच्या दिशेनं.

अहो, थांबा! त्या पायरीवरचा मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलू नका. तुम्हाला ठाऊक आहे, उंदीर गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा उबेच्या शोधात निघतात, आणि जवळात जवळची ऊब म्हणजे तुमचा पाय. इथं हे अजून कुणालाच ठाऊक नाही. पॉल-लुई सिमाँ कराचीत पिसवांचा प्रयोग करील तो पुढच्या वर्षी. आत्ता सांगत सुटलात तर लोक तुमच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. उंदीर पडायला लागले की माणसं पडायला लागतात, एवढंच लोकांनी पाहिलंय. मांडवीच्या धान्यगोदामांच्या वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेगच आहे असं निदान केलं, त्याला आता चार महिने होत आले.

जे. जे. रुग्णालयाच्या आवारात ग्रँट मेडिकल कॉलेजची इमारत आहे. आत शिरा. प्रयोगशाळा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथं फारसं काही नाही. एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून, तीन शिपाई. आणि काळी दाढी राखलेला, छत्तिशीतला, फार कमी बोलणारा एक माणूस. हे वाल्डेमार हाफकिन. जन्म ओडेसाचा, शिक्षण तिथलंच, काम पॅरिसच्या पाश्चर संस्थेत. मुंबईत येण्याआधी बंगालमध्ये त्यांनी हजारो लोकांना कॉलऱ्याची लस टोचलीय. ऑक्टोबरपासून ते इथं प्लेगच्या मागे लागलेत.

तुम्हाला शिपायाच्या हाताखाली काम मिळतं. पहिल्याच दिवशी बोकडाचं मांस बारीक करायचं. गायीचं किंवा डुकराचं मांस लशीत असेल तर निम्मं शहर टोचून घेणार नाही, म्हणून बोकड. हे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात शिजवून विरघळवायचं, मग सोडा घालून आंबटपणा मारायचा आणि निवळलेला रस्सा काचेच्या मोठ्या चंबूत भरायचा. वास मटणाचाच येतो, आणि त्या वासानं पोटात भूकही खवळते. इतकं मरण भोवती असताना भूक लागते याची लाज वाटू देऊ नका. सगळ्यांनाच लागते.

रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. आपलं घरचं लोणकढं तूप. त्यात प्लेगचे जंतू पेरून चंबू कोपऱ्यात ठेवून द्यायचा. "हात लावू नको," शिपाई बजावतो. "दार आपटू नको. धावू नको."

काही दिवसांनी तो तुम्हाला चंबूजवळ नेतो. वाका, पण काचेला नाक लावू नका. तुपाच्या प्रत्येक थेंबाखाली पांढरट, नाजूक धागे लोंबताहेत, वडाच्या पारंब्यांसारखे, खालच्या स्वच्छ रश्श्यात हळूहळू वाढत निघालेले. सूक्ष्मदर्शकाखाली याच धाग्यांतला कण पाहिला तर आखूड, जाडसर काड्या दिसतात, दोन्ही टोकांना गडद, मधे फिक्या. तीन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये येर्सिननं ओळखले ते हेच जंतू. शहर रिकामं करणारी वस्तू तुमच्यापासून हातभर अंतरावर आहे, मधे फक्त काच. बाहेरून ट्रामची घंटा येते आणि तुमचा श्वास अडकतो. पारंब्या थरथरतात. टिकतात.

मग हाफकिनसाहेब स्वतः येऊन चंबू हलवतात. मुद्दामच. सगळ्या पारंब्या तुटून तळाशी बसतात आणि तुपाखाली नवं पीक धरायला लागतं. असं पाच-सहा आठवडे. शेवटी सगळं गढूळ पाणी साधारण ६५ ते ७० अंशांवर तापवून जंतू मारायचे, वर थोडं कार्बॉलिक. मेलेले जंतू माणसाच्या अंगात घालायचे, म्हणजे जिवंत आले की शरीर तयारीत असेल. कल्पना कितीही वेळा वाचली असली, तरी तो चंबू हातात धरल्यावर ती नव्यानं धाडसी वाटते.

१० जानेवारी. तुम्ही यायच्या आधीच तयार झालेल्या चंबूतली लस साहेब आज आपल्याच अंगात टोचून घेतात, १० घनसेंटिमीटर. पुढे लोकांना देतील त्याच्या कितीतरी पट. ताप चढतो, टोचल्या जागी ठणका लागतो, आणि तुम्ही व्हरांड्यात उगाचच झाडू मारत राहता.

महिना संपता संपता भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरतो. पेटी उचलून तुम्ही मागोमाग जाता. साहेब समजावून सांगतात, कुणावर सक्ती नाही. सुमारे दीडशे कैदी हात पुढे करतात, बाकीचे बघत राहतात. त्याच संध्याकाळी टोचलेल्यांपैकी तिघांना गाठी येतात आणि ते दगावतात. रोग त्यांच्या अंगात आधीच शिरला होता, पण त्या रात्री हे बराकीत समजावून सांगणं किती अवघड गेलं असेल! पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडतात, ६ मरतात. टोचलेल्यांत दोघांनाच प्लेग होतो, आणि दोघेही वाचतात.

आता तुमची पाळी. बाही वर करा. सुई आजच्यापेक्षा जाड आहे, हे आधीच सांगतो. तासाभरात दंड तापतो, रात्री हुडहुडी भरते, काखेत ओढ बसते आणि अंधारात तुम्ही दहा वेळा चाचपून बघता, ही गाठच तर नव्हे? शिपाई तुमच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतो आणि पुन्हा पुन्हा सांगतो, ताप उतरेल, माझाही उतरला होता.

उतरतो. पहाटे घामानं अंथरूण भिजलेलं असतं आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तरी उठा. परळ, माझगाव, गिरगाव, सगळीकडून लशीची मागणी येईल, आणि रस्सा सकाळी गाळायचा आहे. डाव्या हातानं गाळा.