वाणिज्याचे प्राध्यापक बाबासाहेब

बाबासाहेबांना आम्ही घटनाकार म्हणून स्मरतो, वाणिज्याचे शिक्षक म्हणून मात्र विसरतो.

१९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी प्रबंध लिहिला तो प्राचीन भारतीय व्यापारावर. ज्या समाजाला बाजारात उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजाचा तरुण बाजाराचा इतिहास तपासत होता! नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पदव्युत्तर पदवी होती, विद्वत्ता होती; तरीही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी ते पितात, यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. जात पदवी पाहत नाही, ती जातच पाहते.

मग पदवी निरुपयोगी ठरली काय? मुळीच नाही. पगारातली बचत आणि शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला शिकायला गेले. पुढे १९५३ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय उभे केले. पाणी नाकारणाऱ्यांना दिलेले हे उत्तर होते.

म्हणून एम.कॉम. करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, बँकेच्या परीक्षा जरूर द्या. पण नेट-सेटही द्या. हिशेब लिहिणारे आपल्यात पुष्कळ झाले, आता हिशेब शिकवणारे व्हा.

जय भीम!