सायनिन: आधी अंजन, मग दिवा

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकासाठी गडद तांबडा रंग निवडताना तो किती तेजस्वी, हे पाहिलं जातं. इतिहास सांगतो, की प्रश्न मुळात पाहणाऱ्याचा आहे. सायनिन कुळातला पहिला रंग ग्रेव्हिल विल्यम्स यांनी १८५६ साली बनवला. तेव्हाच्या फोटोच्या काचेला फक्त निळसर उजेडच कळे; ती योग्य रंगात भिजवली की इतर रंगही टिपते, हे हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये आढळलं. पुढे सायनिनांनीच तिला तांबडं दाखवलं. थोडक्यात, हा रंग आधी डोळ्यातलं अंजन होता. शंभरेक वर्षांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात अ‍ॅलन वॅगनर, रत्नाकर मुजुमदार आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांना जोडता येणारे सायनिन घडवले, आणि अंजनाचा दिवा झाला. त्यांतला साय-फाइव्ह ६७० नॅनोमीटरच्या आसपास चमकतो.

कागदावर साय-फाइव्ह हिरव्या चमकीच्या फ्लुओरेसिनच्या तोडीस तोड आहे. शोषलेल्या उजेडातला जेमतेम पाव हिस्सा तो परत देतो, पण शोषतो तिपटीहून जास्त. तरी जुन्या कॉन्फोकलवर तो फिका पडे. हिरव्या फोटॉनमध्ये सुमारे २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, ६७० च्या फोटॉनमध्ये १.८५; उजेड मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायरच्या साध्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन उखडायला ही दुसरी बहुधा तोकडी पडते. गॅलियम-आर्सेनाइड-फॉस्फाइडच्या कॅथोडने हिरव्या-पिवळ्यात चाळीस टक्के फोटॉन टिपण्यापर्यंत मजल मारली, पण ७०० च्या पुढे तोही झपाट्याने ढेपाळतो. म्हणून ७०२ ला चमकणारा अलेक्सा ६८० हा रंग पेशीची स्वतःची चमक टाळण्यात सरस असला, तरी अशा यंत्रावर साय-फाइव्हच्याच टप्प्यात चमकणारा अलेक्सा ६४७ च उजवा ठरतो.

यावर कुणी म्हणेल, ही सगळी लेसरची करणी: हीलियम-निऑनचा ६३३ आणि क्रिप्टॉनचा ६४७ हाताशी होते, रंग त्यांच्या मापाने शिवले गेले. आक्षेपात तथ्य आहे. रंग पेटवायला लेसरच लागतो. पण पेटलेल्या रंगाचा हिशेब डिटेक्टरच ठेवतो. जेल आणि ब्लॉट वाचणारी काही यंत्रं सिलिकॉनचे अ‍ॅव्हलांश फोटोडायोड वापरतात, आणि तिथे ७०० व ८०० नॅनोमीटरचे रंग राजरोस नांदतात. त्यांतले कितीतरी सायनिनच आहेत.